बुंदी कुणाचं ऐकते

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या घरात कुत्रं आणलं ते आन्यासाठी. बाराव्या वाढदिवसाला तिने दुसरं काहीच मागितलं नाही. शैलेंद्र नको म्हणत होता, सीमा ‘बघू’ म्हणत होती, आणि थोरल्या देवने कानातला इअरफोन न काढता ‘आय डोन्ट केअर’ म्हटलं, ज्याचा अर्थ त्या घरात ‘चालेल’ असा घेतला जाई. शेल्टरमधून आणलेली ती मध्यम चणीची कुत्री पांढरी होती आणि अंगभर पिवळसर तांबूस ठिपके, जणू पाठीवर कुणी बुंदी सांडली होती. नाव शैलेंद्रनेच थट्टेत सुचवलं आणि तेच चिकटलं.

पहिले काही आठवडे आन्याने तिचं सगळं केलं. मग शाळेचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला, व्हायोलिनचा क्लास सुरू झाला, मैत्रिणी तर होत्याच. सकाळचं फिरवणं सीमाकडे आलं. सीमाच्या हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या ड्यूट्या बदलल्या तसं ते कुणाकडेच राहिलं नाही. आणि नेमकी तेव्हाच शैलेंद्रची नोकरी गेली.

शिकागोतल्या एका विमा कंपनीत तो इतकी वर्षं होता की स्टेशनवरचा कॉफीवाला त्याला लांबून बघूनच कप भरायला घ्यायचा. सकाळची ट्रेन, संध्याकाळची ट्रेन, मध्ये ऑफिस. एका बुधवारी एका छोट्याशा व्हिडिओ कॉलवर ते सगळं संपलं. लॅपटॉप परत पाठवायला कंपनीने रिकामा खोका धाडला. त्या खोक्यावर तो चिकटपट्टी लावत होता तेव्हा बुंदी शेजारी येऊन बसली आणि पट्टीच्या चर्रर्र आवाजाकडे कान टवकारून बघत राहिली. तो तिला म्हणाला, "काय पाहून राहिली वं?"

बोलला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. ही त्याची नागपूरची बोली. पुण्याच्या सीमाशी लग्न झालं, मग अमेरिका, मग मुलं, आणि ती बोली कधी मागे पडली ते कळलंही नव्हतं. कुणी हसलं म्हणून नव्हे, समोर तशी बोलणारं कुणी नव्हतं म्हणून. आई होती तोवर रविवारच्या फोनवर ती जिवंत होती. आई गेली आणि तीही बंद झाली. आता ती एका कुत्रीसमोर तोंडातून निघाली, आणि कुत्रीने शेपटी हलवली.

त्यानंतरचं वर्ष त्या दोघांनी एकत्र काढलं असं म्हटलं तरी चालेल. सकाळी तिघं आपापल्या वाटेने गेली की घर एकदम मोठं व्हायचं. शैलेंद्र जेवणाच्या टेबलावर अर्ज करत बसायचा, बुंदी टेबलाखाली त्याच्या पायांवर हनुवटी टेकून असायची. मग दोघं फिरायला जायची, बर्फ असो की ऊन. वाटेत तो तिला सगळं सांगायचा. इंटरव्ह्यू घेणारा पोरगा देवपेक्षा फार मोठा नसेल, हे सांगायचा. अर्ज पाठवून चहा गाळेपर्यंत नकार आला, हेही सांगायचा. मंडळाच्या गणपतीत जो तो ‘मग सध्या काय?’ विचारतो म्हणून आपण या वर्षी गेलोच नाही, हे त्याने फक्त तिलाच सांगितलं होतं. रात्री जेवताना सीमा विचारायची, "आज काय केलंस?" तो म्हणायचा, "विशेष नाही. दोन ठिकाणी अप्लाय केलं." सीमा दिवसभर उभी राहून आलेली असायची. तीही पुढे काही विचारायची नाही.

अशी बुंदी त्याची झाली. तो ‘बस’ म्हणाला की बसायची, ‘थांब’ म्हणाला की रस्त्यापलीकडे खार दिसली तरी थांबायची. ‘ये वं’ म्हणाला की कुठूनही धावत यायची. बाकीच्यांचं मात्र ती ऐकतच नसे. सीमा मागच्या अंगणात स्लिपर घालून बर्फात उभी राहून हाका मारायची आणि ही कुंपणाशी पाठ करून बसलेली. आन्याने ‘सिट’ म्हटलं तर तोंड वळवायची. घरात हा विनोदाचा विषय झाला. ‘बाबांचं कुत्रं’ म्हणायचे सगळे. शैलेंद्रही हसायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. त्या वर्षात कुणाला तो हवा होता असं दाखवणारी ती एकच गोष्ट होती.

पानगळीच्या दिवसांत कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून नोकरीसाठी बोलावणं आलं. तो दोन दिवस इंटरव्ह्यूला गेला. त्या दोन दिवसांत बुंदीने खाणं टाकलं. गॅरेजच्या दाराशी बसून ती रडल्यासारखी हुंकारत राहिली. दुसऱ्या दिवशी देव तिला पट्टा लावायला वाकला तेव्हा ती गुरगुरली, आणि त्याने तरीही हात पुढे केला तेव्हा त्याच्या मनगटावर तिचे दात उमटले. रक्त आलं नाही, पण देव घाबरला आणि त्यानंतर तिच्या जवळून जाताना भिंतीला लागून जाऊ लागला.

नोकरी मिळाली. घरात केक आला, सीमाने साबुदाण्याची खिचडी केली, कारण शैलेंद्रला आनंदाच्या दिवशी तीच लागायची. देवचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, सीमाची नोकरी इथे, त्यामुळे त्याने एकट्यानेच जायचं आणि दर काही आठवड्यांनी येत-जात राहायचं, असं ठरलं. नवीन वर्षात हजर व्हायचं होतं. एका ओळखीच्या ओळखीने नकुल नावाच्या मुलाच्या घरातली एक खोलीही बघून झाली.

मुलं वर गेल्यावर सीमा भांडी लावता लावता म्हणाली, "शैलेंद्र, मला तुझ्या कुत्रीची भीती वाटायला लागलीये."

"माझी कुत्री?"

"मग कुणाची? तू गेल्यावर हिचं काय करायचं? तिकडे नेशील?"

"त्या घरात प्राणी चालत नाहीत. विचारलं मी."

"मग एकतर ती परत शेल्टरला, नाहीतर तिने आमचं ऐकायला शिकायचं. मी रागाने नाही बोलत. देवचा हात मी पाहिलाय."

बुंदी तेव्हा त्याच्या खुर्चीखाली होती. त्याने वाकून तिच्या कानामागे खाजवलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मार्लीन नावाच्या एका ट्रेनरचा नंबर शोधून काढला.

मार्लीन साठीची, केस बारीक कापलेली, हळू बोलणारी बाई होती. ती घरी आली, कोट काढून सोफ्यावर बसली आणि म्हणाली, एकेकाने हाक मारा. सीमाने मारली, मुलांनी मारली. बुंदी शैलेंद्रकडे बघत बसून राहिली. शेवटी शैलेंद्र ‘ये वं’ म्हणाला आणि ती उडी मारून आली.

"हिला सगळं येतं," मार्लीन म्हणाली. "हिला फक्त वाटतं की या घरात एकच माणूस आहे."

तिने विचारलं, खायला कोण देतं, फिरवतं कोण, खेळतं कोण, अंगणाचं दार कोण उघडतं. प्रत्येक उत्तर एकच होतं. "जे जे हिला आवडतं ते सगळं यांच्याकडून येतं," ती सीमाला म्हणाली. "ते आता तुमच्या तिघांकडून यायला हवं. आणि यांच्याकडून थांबायला हवं."

"मग मी काय करायचं?" शैलेंद्रने विचारलं.

"काहीच नाही. तेच जड जातं लोकांना. घरात असा, पण तिच्याकडे बघू नका, बोलू नका, हात लावू नका. जवळ आली तर उठून दुसरीकडे जा. रागवायचं अजिबात नाही, फक्त काही द्यायचं नाही. तिच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळी घरात नसलात तर उत्तमच. काही आठवड्यांनी तुम्हीही या चौघांपैकी एक व्हाल."

देव म्हणाला, बाबांचे शब्द मराठीत आहेत, तिला इंग्लिश शिकवलं तर आम्हाला सोपं जाईल. मार्लीन म्हणाली, "तीन माणसांनी पाच शब्द शिकायचे की कुत्रीने सगळं नव्याने शिकायचं? तुम्हीच ठरवा."

त्यामुळे त्या संध्याकाळी तिघांनी शैलेंद्रकडून शब्द घेतले. बस, थांब, सोड, चाल, ये वं. सीमा आधी तिच्या सवयीने ‘ये गं’ म्हणाली. बुंदीने कान हलवला, पण उठली नाही. "‘वं’ म्हण," शैलेंद्र म्हणाला. सीमा ‘ये वं’ म्हणाली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. "माझ्या आईने ऐकलं तर म्हणेल, पोरगी हातची गेली." आन्याने चार-पाचदा म्हणून पाहिलं. तिचा ‘वं’ फुगा फुटल्यासारखा यायचा. शैलेंद्रने दुरुस्त केला, तिने परत म्हटलं, आणि मग मार्लीनने त्याला खुणेने बाहेर जायला सांगितलं.

तो गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. आतून आवाज येत होते. तिघं खोलीच्या तीन कोपऱ्यांत उभी होती, हातात उकडलेल्या चिकनचे तुकडे. आळीपाळीने हाक मारायची आणि आली की तुकडा द्यायचा. ‘बुंदी, ये वं.’ मग दुसरा आवाज, ‘ये वं.’ त्याची आई अंगणातून त्याच्या बहिणीला अशी हाक मारायची. तीच हाक आता त्याच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलीच्या तोंडून, चुकीच्या जागी जोर देऊन, दाराच्या फटीतून येत होती. त्याला आत जावंसं वाटलं, पण जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा दिनक्रम बदलला. पहाटे सीमा बुंदीला खायला घालायची, ती वेळ यायच्या आत तो घराबाहेर पडायचा आणि लायब्ररी उघडेपर्यंत नदीकाठी गाडी लावून बसायचा. लायब्ररीत बसायला जागा छान होती, खिडकीजवळ. नव्या कंपनीने वाचायला दिलेलं तो वाचायचा. दुपारी कधी सँडविच घ्यायचा. एकदा परत येताना त्याच्या लक्षात आलं की आज आपण दिवसभरात फक्त ‘थँक यू’ एवढंच बोललोय, तेही पुस्तक देणाऱ्या बाईला. पूर्वीही माणसांशी तो तेवढाच बोलत असेल. पण तेव्हा ते कळत नव्हतं.

घरी आला की बुंदी धावत यायची. तो छताकडे बघत, बूट काढून सरळ वर जायचा. ती जिन्यापर्यंत यायची आणि तिथे उभी राहायची. पहिल्या आठवड्यात तिने त्याचा मोजा दाराशी आणून ठेवला, मग दुसऱ्या दिवशी जोडीतला दुसरा. आपलं काही चुकलंय आणि ते काय ते कळत नाहीये, असा चेहरा करून ती बसायची. कुत्र्याला चेहरा नसतो म्हणणाऱ्या माणसाने तो बघायला हवा होता.

गंमत अशी की घरात मात्र बोलणं वाढलं. पूर्वी जेवणाच्या टेबलावर चार माणसं चार दिशांना बघत जेवायची. आता तिघांना एक विषय मिळाला होता. आज बुंदी आन्याच्या हाकेला अर्ध्यापर्यंत आली आणि परत फिरली. आज सीमाच्या हातून तिने खाल्लं. देव अजून घाबरत होता, पण त्याने लांबून चेंडू टाकला आणि तिने तो आणून थोडा अलीकडे ठेवला. तिघं एकमेकांना नक्कल करून दाखवायची, हसायची. शैलेंद्र पोळीचा घास भाजीत बुडवत ऐकायचा. या विषयात त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. टेबलाखाली बुंदी त्याच्या पायाशी येऊन बसली की त्यालाच उठून ताट घेऊन ओट्याशी जावं लागायचं, आणि तो उभ्याने जेवायचा.

एका दुपारी तो लवकर घरी आला. कुणी नव्हतं. बेसमेंटमध्ये मशीनला कपडे लावायला उतरला तर बुंदी मागोमाग आली. त्याने पाहिलं नाही. त्याने कपडे टाकले, साबण टाकला, बटण दाबलं. ती त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही, नुसती बसली. मशीनमध्ये पाणी भरू लागलं. मग शैलेंद्र जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "काय करू वं मी? जा लागते मले."

पुढचा आठवडाभर हे रोज होत गेलं. डब्यातली तुपाची पोळी तो रुमालात गुंडाळून खाली न्यायचा आणि तिला भरवायचा. बोलायचा. तिकडची खोली कशी आहे, नकुल कसा वाटतो फोनवर, विमानाचं तिकीट काढलंय. त्याला वाटायचं, एवढ्याने काय बिघडतं.

बिघडलं होतं, पण वर कुणाला कारण कळेना. बुंदी पुन्हा सीमाच्या हातचं हुंगून सोडू लागली. शनिवारी देव हिय्या करून तिला एकट्याने फिरायला घेऊन निघाला. ती ड्राइव्हवेवरून हलायलाच तयार नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यावरून शैलेंद्रची गाडी वळली. बुंदीने मान मागे ओढली, पट्टा डोक्यावरून निसटला आणि ती गाडीच्या दिशेने रस्त्यात धावली. समोरून येणाऱ्या पिकअप ट्रकने करकचून ब्रेक लावला. बर्फाच्या पाण्यावर तो घसरत आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाला नुसता दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. शैलेंद्रने धावत येऊन तिला उचललं. ती त्याचं तोंड चाटत होती. फुटपाथवर देव रिकामा पट्टा धरून उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

बुंदीला आत सोडून शैलेंद्र गाडी गॅरेजमध्ये घ्यायला गेला तेव्हा देव येऊन शेजारच्या सीटवर बसला. समोरच्या भिंतीवर सायकली टांगलेल्या होत्या.

"बाबा, तू तिला खायला देतोस?" देवने विचारलं. "मी पट्ट्याला हात लावला तेव्हा शी वॉज लुकिंग फॉर यू. परत पहिल्यासारखी."

"हो. देतो."

"व्हाय?"

शैलेंद्रने गाडीचं इंजिन बंद केलं.

"तू बोलतोस पण तिच्याशी," देव म्हणाला. "माझ्या रूमचा एअर व्हेंट थेट बेसमेंटमधून येतो. शाळेतून आलो की त्यातून ऐकू येतं. लास्ट इयर पण ऐकू यायचं. सगळं नाही कळत, तू फास्ट बोलतोस. पण तू खूप बोलतोस. आमच्याशी तू तसा बोलत नाहीस."

"तुम्ही सगळे बिझी असता रे."

"मे बी. पण तू ट्राय पण नाही केलंस."

तो चिडून बोलत नव्हता. सतरा वर्षांच्या मुलाला जेवढं मऊ बोलता येतं तेवढं मऊ बोलत होता. शैलेंद्रने गाडीची किल्ली काढली, हातात फिरवली.

"काय ऐकायचं होतं तुला?"

"आय डोन्ट नो. तिला काय सांगायचास?"

शैलेंद्रने किल्ली खिशात टाकली. मग तो म्हणाला, "नोकरी गेल्यावर पहिल्या सोमवारी मी स्टेशनवर गेलो होतो. कपडे करून, बॅग घेऊन. गाडी पार्क केली. ट्रेन आली, सगळे चढले, ट्रेन गेली. मग मी घरी आलो."

"का गेलास?"

"उठलो होतो ना."

देवने मान हलवली, जणू हे कारण पुरेसं होतं. गॅरेजचं दार उघडंच होतं आणि थंडी आत येत होती. जरा वेळाने तो म्हणाला, "उद्या मी तिला परत नेणार आहे. तू लायब्ररीत जा. प्लीज. आणि पोळी नको."

"नाही देणार."

"प्रॉमिस?"

"हो."

त्यानंतर शैलेंद्रने दिली नाही. बुंदी बेसमेंटच्या दाराशी दोन-तीन दुपारी वाट बघत बसली, मग बसेनाशी झाली. परक्याची बातमी ऐकावी तसं हे त्याला देवकडून कळायचं. तो घरी यायचा तेव्हा ती आता दारापर्यंत यायची आणि शेपटी हलवून परत आन्याच्या खोलीकडे जायची. एका संध्याकाळी तो वर्तमानपत्र घेऊन सोफ्यावर बसला आणि ती त्याच्या पायाशी बसलेली असताना देवने पट्टा खुंटीवरून काढला. कडीचा आवाज झाला तशी ती उठून गेली. वळून पाहिलं नाही. शैलेंद्रने वर्तमानपत्राचं पान उलटलं. जे व्हायला हवं होतं तेच होत होतं, हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याने तेच पान परत मागे उलटलं.

नाताळच्या सुट्टीत मार्लीन शेवटची आली. आता चौघांना तिने चार कोपऱ्यांत उभं केलं. बुंदी सीमाकडे गेली, आन्याकडे गेली, देवकडे गेली. मग मार्लीनने शैलेंद्रला खूण केली. किती आठवड्यांनी तो मोकळेपणाने तिच्या डोळ्यांत बघत होता. "ये वं," तो म्हणाला. ती आली. जशी बाकीच्यांकडे गेली होती तशीच, त्याच चालीने, येऊन बसली आणि त्याच्या हातातल्या तुकड्याकडे बघू लागली.

"परफेक्ट," मार्लीन म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या.

जानेवारीत तो गेला. क्युपर्टिनोत बर्फ नव्हता, लोकांच्या अंगणात लिंबाची झाडं फळांनी पिवळी झालेली होती, ऑफिस चांगलं होतं. नकुल तिशीतला, सालस मुलगा होता, पण रात्रंदिवस कॉलवर असायचा आणि बंद दारामागून त्याचा आवाज येत राहायचा. संध्याकाळी शैलेंद्र फिरायला जायचा तेव्हा हातांचं काय करावं ते त्याला कळायचं नाही. तो ते खिशात घालायचा. व्हिडिओ कॉलवर आन्या फोन बुंदीच्या तोंडाशी न्यायची. बुंदी पडदा हुंगायची आणि निघून जायची. "शी डझन्ट गेट इट, बाबा," आन्या म्हणायची. "तिला तुझा वास पाहिजे." सीमा म्हणायची, "पण काल माझ्या एका हाकेत आली हं. नदीवरून. बदकं सोडून." सीमाच्या आवाजात जो अभिमान होता तो त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तो म्हणायचा, "वा." मग फोन बंद व्हायचा.

मार्चमध्ये तो चार दिवसांसाठी घरी आला. दार उघडलं तशी बुंदी वेडी झाली. त्याच्याभोवती फिरली, कण्हली, पालथी पडली, परत उठली. त्याने बॅग खाली टाकली आणि गुडघ्यांवर बसून तिला कवेत घेतलं. इतक्यात जिन्यावरून देवचा आवाज आला, "बुंदी, चाल." ती क्षणभर थबकली आणि मग सुटून वर पळाली. शैलेंद्र तसाच, हात अर्धे उघडे ठेवून, चटईवर बसून राहिला. सीमाने ते पाहिलं. तिने त्याची बॅग उचलली, भिंतीशी नीट ठेवली आणि म्हणाली, "चहा ठेवते. आलं घालून."

शुक्रवारी तिघं आपापल्या कामाला गेली. शैलेंद्रला सुट्टी होती. मागच्या वर्षीसारखंच घर, तेच टेबल, तोच चहा. तो टेबलाशी बसला तर बुंदी टेबलाखाली आली नाही. ती समोरच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी बसली होती. शाळेची बस यायला अजून खूप वेळ होता, तरी तिची मान रस्त्याकडे होती. शैलेंद्रने हाक मारली असती तर ती आली असती, हे त्याला माहीत होतं. त्याने मारली नाही. चहाचा कप घेऊन तो तिच्या शेजारी गालिच्यावर जाऊन बसला. तिने एकदा त्याचा हात हुंगला आणि परत बाहेर बघू लागली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळकट ढीग होते आणि मधूनमधून एखादी गाडी जात होती. दोघं तशीच बसली. तिथे बसल्या बसल्या त्याला झोपही लागून गेली.

बस आली तेव्हा तो बुंदीच्या उठण्याने जागा झाला. आन्या आत आली, व्हायोलिनची पेटी कोपऱ्यात ठेवली, बुंदीला ‘बस’ म्हणाली, बसल्यावर तिचे कान चोळले. मग तिचं लक्ष गेलं. "बाबा, तू खाली का बसलायस?"

"असाच."

तिने पट्टा काढला, लावला. दाराशी जाऊन थांबली. "यू वॉन्ट टू कम?"

तो कोट घालून निघाला. पट्टा आन्याच्या हातात होता. बुंदी दोघांच्या पुढे चालत होती, कोपऱ्यावर आन्या ‘थांब’ म्हणाली की थांबत होती. तिचा ‘थांब’ आता छान यायचा. पार्कच्या कडेने जाताना आन्याने विचारलं, "तिकडे कसं आहे?"

"चांगलं आहे," तो सवयीने म्हणाला. चार पावलं गेल्यावर म्हणाला, "ऑफिस चांगलं आहे. संध्याकाळ फार लांब वाटते गं. घरी आलो की बोलायला कुणी नसतं. नकुल कामात असतो."

आन्याने त्याच्याकडे पाहिलं. तिने पट्टा या हातातून त्या हातात घेतला आणि त्याच्या जवळच्या बाजूने चालू लागली.

"मग तू काय करतोस?" तिने विचारलं.

"चालतो," शैलेंद्र म्हणाला. आणि मग तो तिला ते रस्ते सांगू लागला, लिंबाची झाडं कुठे आहेत, कुठल्या घरासमोर एक म्हातारे गृहस्थ रोज पाणी घालत उभे असतात आणि अजून एकदाही हॅलो म्हणालेले नाहीत.